आमचे आणि आपले

दिवाळी अंक जवळ आला की संपादकांचे पत्र ठरलेले असते : 'सदर नेहमीचेच, पण जरा मोठे आणि जरा गोड.' मोठे लिहिणे माझ्या हातात आहे. गोडाची हमी मी कधीच देत नाही. चकलीचे पीठ बिघडले तर त्याची थालीपिठे लावता येतात, बिघडलेल्या लेखाचे काहीच करता येत नाही. त्यातून यंदा मी विषय असा घेतला आहे की नाव ऐकताच घरातली शाळकरी मंडळी फराळाची ताटली उचलून गच्चीवर पळतील. विषय आहे षष्ठी विभक्ती. चा-ची-चे.

घाबरू नका. मी कुणाला शब्द चालवायला लावणार नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली आपले व्याकरण छापले, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली आपला मोठा ग्रंथ काढला, आणि विभक्तीचा कीस पाडायचा तो या थोरांनी पाडून ठेवला आहे. मला सांगायची आहे ती घरातली गोष्ट. एका 'चे'पायी माझे आणि माझ्या धाकट्या भावाचे सहा महिने बोलणे बंद होते. तेव्हापासून व्याकरण हा केवळ पुस्तकातला विषय आहे, असे मी मानीत नाही.

माझे माहेर जिंतूरचे. परभणीच्या स्टेशनवर उतरावे आणि एस.टी.ने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जावे, की आमचे गाव. जवळच नेमगिरीचा डोंगर, त्यात जैन लेणी. तालुक्यात पूर्णा नदीवरचे येलदरीचे धरण. गावात आजोबांचे माळवदाचे घर होते. उन्हाळ्यात त्या माळवदावर झोपायचे आणि पहाटे गार वाऱ्याने जागे व्हायचे, ही माझ्या बालपणाची श्रीमंती. वडील गेले, मग आई गेली. घर उभे होते. भिंती पोटाला आल्या होत्या. भाऊ गावातच नव्या वस्तीत राहायला गेला होता.

आणि गेल्या वर्षी माघात त्याचा फोन आला. म्हणाला, 'आक्का, आमचं घर विकायचं ठरवलंय. तुझी सही लागेल.'

बाकी सगळे मी ऐकले. गिऱ्हाईक चांगले आहे, कागद तयार होत आहेत, आधी हक्कसोडपत्र करावे लागेल, सगळे ऐकले. पण कान अडकला तो पहिल्याच शब्दात. 'आमचं घर.' म्हणजे त्याचे, त्याच्या बायकोचे, त्याच्या मुलाबाळांचे. ज्या घरात मी चालायला शिकले ते घर माझ्याच भावाने मला 'आमचं' म्हणून सांगावे? मीही मग काही कमी केले नाही. म्हणाले, 'तुमचं घर आहे ना? मग तुम्हीच सह्या करा.' आणि फोन ठेवला.

वाचकहो, हे भांडण इंग्रजीत होऊच शकले नसते. इंग्रजीत दोन्हीकडे 'अवर हाउस'. हिंदीच्या पुस्तकी रूपातही 'हमारा घर' म्हटले की सगळे गोळा होतात. आपल्या मराठीत मात्र 'आम्ही' दोन प्रकारचे. एक 'आम्ही', ज्यात ऐकणारा नाही; आणि एक 'आपण', ज्यात ऐकणारा आहे. त्यामुळे षष्ठीही दोन : 'आमचे' आणि 'आपले'. शेजारीण येऊन म्हणाली, 'उद्या आमच्याकडे सत्यनारायण आहे', तर तुम्ही जाऊन तीर्थप्रसाद घ्यायचा आणि परत यायचे. पण जाऊबाई म्हणाल्या, 'उद्या आपल्याकडे सत्यनारायण आहे', तर समजावे की शिरा तुम्हालाच भाजायचा आहे आणि पंगतीची भांडीही तुमच्याच वाट्याला आहेत. प्रसाद एकच, पण एका शब्दाने तुम्ही पाहुण्या होता, दुसऱ्या शब्दाने मालकीण.

ही सोय आपल्या आसपासच्या काही भाषांत आहे. गुजरातीत 'अमारुं' आणि 'आपणुं' असा भेद आहे. तेलुगूत 'मा' म्हणजे आमचे आणि 'मन' म्हणजे आपले. तमिळमध्येही अशीच दोन रूपे. मराठीला ही खोड दक्षिणेच्या शेजारणींच्या सहवासाने लागली, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. मला ते पटायला जड जात नाही. आमचा परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. वडिलांचे शिक्षण त्या जुन्या राज्यात उर्दूतून झालेले. ते सांगत, की कचेरीत एक कारकून तेलुगू होते. एकटेच राहत, बिऱ्हाड गावी. तरी म्हणत, 'मा इल्लु', म्हणजे 'आमचे घर'. वडिलांना मौज वाटे. राहणारा एक आणि घर 'आमचे' कसे? पण तेलुगूत घर आणि घरची माणसे 'मा'नेच सांगायची पद्धत आहे. घर एकट्याचे असतच नाही, असे त्या भाषेला वाटत असावे.

आता थोडे आपल्या चा-ची-चे यांच्याविषयी, म्हणजे माझा राग तुम्हाला नीट कळेल. आपली षष्ठी मोठी चौकस आहे. 'तिचा' म्हटले की शब्दाच्या सुरुवातीला मालकीण कळते आणि शेवटी वस्तू कळते : मालक बाई, वस्तू पुल्लिंगी. इंग्रजीच्या 'हर'ला वस्तूशी देणेघेणे नाही. हिंदीच्या 'उसका'ला मालक बाई की पुरुष याचा पत्ता नाही. मराठी मात्र दोघांचीही चौकशी करते; स्वभावच आहे आपला!

मालकी सांगण्याच्याही तीन तऱ्हा. 'माझ्याकडे पैसे आहेत' असे आपण म्हणतो, कारण पैसा आज माझ्याकडे तर उद्या वाण्याकडे. पण भाऊ काही 'माझ्याकडे' नसतो. 'मला एक भाऊ आहे', असे म्हणायचे. ताप जसा मला येतो, भूक जशी मला लागते, तसाच भाऊही मला असतो. तो कुणाला देता येत नाही आणि टाकताही येत नाही. आणि घर? 'माझे जिंतूरला घर आहे.' घर या दोघांच्या मधले. पैशासारखे विकता येते आणि भावासारखे आठवत राहते.

आणि 'आपला'? त्याच्या गमती तर विचारू नका. 'आपण' हा शब्द मुळात संस्कृत 'आत्मन्'चा वंशज, प्राकृतातल्या 'अप्पा'कडून आलेला. मूळ अर्थ 'स्वतः'. म्हणून 'तो आपल्या घरी गेला' म्हणजे स्वतःच्या घरी गेला. 'तो त्याच्या घरी गेला' म्हणजे बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तरी. तोच 'आपला' पुढे तुम्हा-आम्हा सर्वांचा झाला. तोच परक्या माणसाला मान द्यायलाही उभा राहतो : 'आपले नाव काय?' पत्राच्या शेवटी 'आपला नम्र' होतो. आणि काहीच काम नसले तर नुसताच बसतो : 'मी आपली गप्प राहिले.' स्वतःचा, सर्वांचा, परक्याचा आणि कुणाचाच नाही, असे चारही अर्थ एका शब्दात नांदतात. एकत्र कुटुंबाला याहून चांगला शब्द कुठला मिळणार?

तर मी आपली गप्प राहिले. दोन महिने, चार महिने. घरातल्या वकील मंडळींनी कायदा समजावून सांगितला. १९५६ च्या वारसा कायद्याने वडिलांच्या मागे मुलीलाही वाटा दिला. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि सबंध देशासाठी २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाच्या बरोबरीने बसवले. 'तेव्हा ताई, तुमच्या सहीवाचून काही हलत नाही,' असे ते म्हणाले. मला बरे वाटले, हे कबूल करते. कायद्याने माझे घर 'आपले' ठरवले होते; भावाने मात्र ते 'आमचे' केले होते.

पण रात्री झोप येईना. त्याचे कारण भावाचे 'आमचं' नव्हते. मी त्याला जे 'तुमचं' म्हटले होते, त्याने मला एक जुनी गोष्ट आठवून दिली होती.

आईला आम्ही लहानपणी 'माय' म्हणत असू. माय आमच्याकडची बोली बोले. आमच्या भागात 'माझा'ला कुणी 'माव्हा' म्हणतो, कुणी 'माहा'. 'तुझं'ला कुणी 'तुव्हं', कुणी 'तुहं'. वऱ्हाडात 'माहा' सर्रास आहे, खानदेशात अहिराणीत 'मना' आणि 'तुना', गोव्याकडे कोंकणीत 'म्हजें' आणि 'तुजें'. मालकी एकच, गावोगावचे ठसे वेगळे. लग्न होऊन मी पुण्याला आले ती १९७८ साली. सदाशिव पेठेत दोन खोल्या, सासूबाई, दीर, आणि जिन्यावर उभ्या राहून बोलणाऱ्या शेजारणी. वर्षाच्या आतच माझे 'माव्हं' जाऊन 'माझं' झाले. कुणी मागे लागले नाही. जिन्यावरच्या हसण्याने ते काम परस्पर केले.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली. ती सगळ्याच सासुरवाशिणींची होते. पहिले वर्षभर मी सासरी म्हणे, 'आमच्याकडे आमटीला फोडणी लसणाची', आणि सासूबाई खाकरत. मग एके दिवशी माहेरी जेवायला बसले असता मीच बोलून गेले, 'आमच्याकडे आमटीत गूळ घालतात.' माय वाढता वाढता थांबली. 'असं का?' म्हणाली आणि पुन्हा वाढू लागली. तेव्हा मला काहीच उमगले नाही. आज वाटते, जिंतूरच्या त्या घरात 'आमचे' म्हणून रेघ ओढण्याचा पहिला मान माझाच. भावाचा नंबर चाळीसेक वर्षांनंतरचा.

मग माय पुण्याला आली, नातवाच्या वाढदिवसाला. शेजारणी होत्या, चहा चालला होता. मायने घरभर नजर फिरवली आणि मोठ्या कौतुकाने म्हणाली, 'पोरी, तुव्हं घर लई साजरं हाय.' एकीने 'तुव्हं' हा शब्द पदरात तोंड लपवून पुन्हा म्हटला. दुसरी हसली. मला जमिनीने पोटात घ्यावे असे झाले. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तिला म्हटले, 'माय, इथं तुझं म्हणत जा गं. लोक हसतात.' रागावून नव्हे, अगदी हळू म्हटले. तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, 'तुमचं घर चांगलं आहे.'

मी 'तुझं' सुचवले होते. ती तिथे थांबली नाही, एक पायरी पुढे गेली. 'तुझे', 'तुमचे', 'आपले' या मराठीतल्या मानाच्या पायऱ्या. पण हा मान मोठा विचित्र असतो : जितकी पायरी वर, तितके माणूस लांब. देवाला आपण 'तुझे' म्हणतो, आईलाही 'तुझे' म्हणतो. आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईने साक्षात पांडुरंगाला अरे-तुरे केले. 'तुमचे' असते व्याह्यांना आणि साहेबांना. माय त्या दिवसापासून पुण्यात माझ्याशी शुद्ध बोलली आणि व्याह्यांशी बोलावे तशी बोलली. त्यानंतर ती अनेकदा आली. पुण्यातले माझे घर पुन्हा कधी 'तुव्हं' झाले नाही. जिंतूरला गेले की मात्र दारातच म्हणे, 'ये, तुव्हंच घर हाय.' तिथे तिला कुणी हसत नव्हते.

पुढे पुष्कळ वर्षांनी एका व्याख्यानात मी एक गोष्ट ऐकली आणि घरी येऊन बराच वेळ दिवा न लावता बसून राहिले. आपल्या मराठीच्या आधीची महाराष्ट्री प्राकृत. तिच्यात 'माझा' या अर्थाने 'मज्झ' असे एक रूप आहे, आणि 'मह' असेही. 'तुझा'साठी 'तुज्झ' आहे आणि 'तुह'ही आहे. 'माझा' आणि 'तुझा' या पुस्तकी शब्दांचे घराणे 'मज्झ' आणि 'तुज्झ'चे. आणि 'माहा', 'तुहं' हे आमचे शब्द त्या 'मह' आणि 'तुह'ला किती जवळचे दिसतात! हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती याच प्राकृतात आहे, आणि सातवाहनांची राजधानी पैठण आमच्या मराठवाड्यातच. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. भाषेच्या प्राचीनपणाचे जे पुरावे त्यासाठी मांडले गेले, त्यांत या गाथांचे नाव मानाने होते. त्या दिवशी सगळीकडे पेढे वाटले. मी पेढा हातात घेतला आणि मला मायचे 'तुव्हं' आठवले. ज्या बोलीवर जिन्यात हसू झाले, ती बोलीही त्याच जुन्या घरातली.

असा माझा हिशेब मनाशी चालला असता माझ्या धाकट्या मुलाचा फोन आला. तो ग्लासगोला असतो. त्याच्या शेजारी एक म्हातारी बाई राहते आणि ती इंग्रजी न बोलता स्कॉट्स बोलते. तिच्या भाषेच्या गमती तो मला सांगत असतो. तिकडे 'माय हाउस'चे 'मा हूस' होते. म्हणजे ग्लासगोची म्हातारी आणि वडिलांच्या कचेरीतले तेलुगू कारकून, दोघांचेही घर 'मा'च! अर्थात हा निव्वळ योगायोग. तिच्या 'मा'चा अर्थ 'माझे', त्यांच्या 'मा'चा अर्थ 'आमचे'. 'हे माझे आहे' म्हणताना इंग्रजीत 'माइन' म्हणतात. स्कॉट्समध्ये पुष्कळ लोक 'माइन्झ' म्हणतात. 'तुझे', 'तिचे', 'आमचे' या सगळ्यांच्या शेवटी तिकडे 'स' येतो, मग 'माझे'नेच काय पाप केले, असा सरळ हिशेब. उशीर झाला की ती याला म्हणते, 'अवा टे यर बेड.' म्हणजे जा आता, तुझ्या अंथरुणाकडे जा. इंग्रज नुसते 'बेड' म्हणेल; स्कॉट माणूस अंथरुणही कुणाचे ते सांगून पाठवतो.

या भाषेचीही कहाणी आमच्या बोलीसारखीच. शाळेत मुलांनी तशी बोलू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्यांना टोकले गेले. तरी २०११ च्या जनगणनेत पंधरा लाखांवर लोकांनी सांगितले की आम्ही स्कॉट्स बोलतो, आणि २०२५ मध्ये तिथल्या कायद्याने तिला अधिकृत दर्जा दिला.

मुलगा म्हणाला, 'आई, एक मजा सांगू? ही बाई आपल्या बहिणीचं नुसतं नाव कधी घेत नाही. ऊर जीन, म्हणते. आमची जीन.' तिकडे ही रीतच आहे म्हणे. घरच्या माणसाच्या नावामागे 'ऊर' लावायचे. १९३६ पासून तिथल्या 'संडे पोस्ट' या वर्तमानपत्रात एका खोडकर पोराची चित्रमालिका येते. तिचे नावच 'ऊर वुली', आमचा वुली. मी म्हटले, 'अरे, यात नवल काय? आपल्याकडे आमचा बाळू, आमची शकू म्हणतातच की. बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत, पण आमचे हे म्हणतात.'

म्हणाले खरी, आणि फोन ठेवल्यावर तोच शब्द मनात घोळू लागला. 'आमचे हे.' 'आमचा बाळू.' हा तर तोच 'आमचे', ज्यासाठी मी सहा महिने धुमसत होते! इथे तो इतका मायेचा कसा?

त्याचा उलगडा श्रावणात झाला. पावसाने माळवद एका बाजूने खाली आले, तशी मीच भावाला फोन केला आणि जिंतूरला गेले. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत गर्दी होती. बाकावर आम्ही दोघे शेजारी बसलो, काय बोलावे ते दोघांनाही सुचत नव्हते. नाव पुकारले तेव्हा टेबलामागच्या माणसाने कागदावरून मान वर न करता विचारले, 'ह्या कोण?'

भाऊ म्हणाला, 'आमची मोठी बहीण. आमची आक्का.'

आणि माझे डोळे भरले. शब्द तोच होता, माघात फोनवर ऐकलेला. पण तेव्हा तो मला म्हटला होता. आता तो माझ्याविषयी, दुसऱ्याला म्हटला होता. 'आमचे' या शब्दाचे काम एकच : जो ऐकतो आहे त्याला उंबऱ्याबाहेर ठेवणे. फोनवर ऐकणारी मी होते, म्हणून मी बाहेर राहिले. इथे ऐकणारा टेबलामागचा माणूस होता. तो बाहेर राहिला आणि मी आत आले. ज्या दाराने मला चेपले होते त्याच दाराने मला आत घेतले. दाराचा दोष नव्हता. मी कुठल्या बाजूला उभी आहे, एवढाच प्रश्न होता.

रात्री जेवताना मी भावाला विचारलेच, 'त्या दिवशी आमचं घर का म्हणालास रे?' तो घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'अगं आक्का, यासाठी रुसली होतीस? महिनाभर दलालाशी, वकिलाशी, गिऱ्हाइकाशी बोलत होतो. आमचं घर, आमचं घर करून तोंडात तेच बसलं. तुला फोन लावताना बदलायचं राहिलं.' भावजय म्हणाली, 'आणि आम्हाला वाटलं, आक्कांना पैशांचं काही मनात आलं.' म्हणजे सहा महिने ते माझ्या मनात नसलेल्या गोष्टीवर दुःखी होते आणि मी त्यांच्या मनात नसलेल्या गोष्टीवर.

हक्कसोडपत्रावर मी सही केली. मायची शेवटची आठ वर्षे अंथरुणात गेली. तिचे सगळे या दोघांनी केले. मी वर्षातून दोनदा जात असे, फळे घेऊन. म्हणून केली. ती करावी की न करावी, यावर कायदा जाणणाऱ्या वाचकभगिनी मला पत्रे लिहितील, आणि त्यांनी जरूर लिहावीत. मी एवढेच म्हणते, की सही करताना तिचा अर्थ मला पुरता ठाऊक होता. आपला वाटा आहे हे जाणून तो भावाला देणे वेगळे, आणि आपले काही नव्हतेच असे समजून दाखवतील तिथे सही करणे वेगळे. पहिल्याला देणे म्हणतात. दुसऱ्यात 'माझे' म्हणण्याचीही संधी कुणी दिलेली नसते.

दुसऱ्या दिवशी परतण्याआधी नेमगिरीला जाऊन आले. तिथे लेण्यात पार्श्वनाथांची मोठी थोरली मूर्ती एका लहानशा दगडावर टेकलेली आहे. लहानपणी माय ती दाखवून म्हणे, 'बघ, केवढ्याशा दगडावर केवढा देव!' मला या खेपेला वाटले, घरेही अशीच उभी असतात. चार भिंती, माळवद, वाटण्या, सगळे खरे. पण भार असतो तो कुठल्यातरी एवढ्याशा शब्दावर.

घर आता गेले. त्या जागी दुकाने होणार आहेत. भावाची नात यंदा शिकायला पुण्याला आली. नवरात्रात पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आली, पाठीवर मोठी पिशवी घेऊन, दारात जराशी बुजून उभी. मी म्हटले, 'ये पोरी, तुव्हंच घर हाय.'

शेजारच्या दारातून एक मुलगी बघत होती. भावाची नात हसली आणि म्हणाली, 'आक्काआजी, पुण्यात पण असंच बोलता तुम्ही?'

म्हटले, 'आजपासून.'

तिने पायातल्या चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली, आणि न विचारता सरळ स्वयंपाकघरात जाऊन माठातले पाणी घेतले.